चौथा सड वासराचा

अक्का, तुझं जर्मनचं ताट मी अजून मांडणीवर पालथं घालून ठेवलंय. सुमन म्हणाली, ते आतल्या ट्रंकेत ठेवू या, पाव्हण्यारावळ्यांच्या गर्दीत कुणीतरी चुकून त्यात जेवेल. मी म्हटलं, जेवू दे की. त्या ताटात जेवून कुणाचं वाईट झालंय? माझं तर नाहीच झालं. सुमन तुझी भावजय असली तरी स्वभावानं तुझीच बहीण आहे. तिनं नुसतं ताट पुसून परत जागेवर ठेवलं.

तुला जाऊन आज सहा दिवस झाले. तिसऱ्या दिवशी राख सावडायला अख्खं गाव आलं होतं. तू स्वतःला फार किरकोळ समजायचीस, म्हणून मुद्दाम सांगतो. लिंबाच्या झाडापासून ओढ्यापर्यंत माणसं उभी होती. बाया एवढ्या आल्या होत्या की भटकाका म्हणाले, सावडायला एवढ्या बाया मी कधी पाहिल्या नाहीत. मला रडू यायच्या ऐवजी छाती फुगल्यासारखी झाली. माफ कर, पण झाली.

आणि मग आपल्या दूध संस्थेचे चेअरमन तात्या गर्दीतून पुढं आले. त्यांच्या हातात दुधाचा कॅन होता. राखेवर दूध शिंपडायची आपल्याकडं रीत आहे, पण ती एका तांब्यात भागते. तात्यांनी तुझ्यासाठी कॅन आणला होता, तोही सकाळच्या दुधातलं सगळ्यात घट्ट दूध निवडून. त्यांचे डोळे भरून आले होते. म्हणाले, "चंद्राबाई, जित्यापणी तुमच्या पोटाला सोसलं न्हाय. आता तरी पोटभर घ्या." सगळी माणसं माझ्याकडं बघू लागली, कारण पहिली धार भावानं सोडायची. माझा हात पुढं होईना.

तो का होईना, हे तिथं फक्त मला माहीत होतं. तू असतीस तर तुलाही. पुढं काय झालं ते शेवटी सांगतो. त्याआधी आपलं जुनं भांडण मला एकदा पहिल्यापासून काढू दे. आता तू मधे बोलून मला गप्प करणार नाहीस, एवढीच काय ती सोय.

दाजी वारले आणि तू सासरहून परत आलीस तेव्हा दोनच गोष्टी बरोबर आणल्यास, एक हे ताट आणि दुसरी कपिली गाय. कपिलीची धार तूच काढायचीस आणि तिचा एक नेम होता. तीन सड घरचे, चौथा वासराचा. त्या चौथ्या सडाला हात लावायचा नाही. सण असो, पाव्हणे येवोत, घरात चहाला दूध नसो. मी एकदा हट्ट केला होता तर तू माझ्या हातावर चापट मारली होतीस आणि म्हणाली होतीस, "तुझ्या ताटातलं कुणी वडून घेतलं तर चालंल का?"

मग बहात्तर साल आलं. विहिरीचा तळ दिसला, कडबा संपला, तू दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागलीस. दिवस उगवायच्या आधी डोक्यावर पाटी घेऊन निघायचीस, त्यामुळं धार माझ्याकडं आली. मी दूध ईट गावाला खव्याच्या भट्टीवर घालायचो आणि त्यावर घरात जोंधळे यायचे. जोंधळे नसले तर तो रेशनचा लाल मिलो, ज्याची भाकरी थापताना तू त्याला 'विलायती पाव्हणा' म्हणायचीस. घरात सहा तोंडं होती. एका सकाळी दूध कमी भरलं आणि मी चौथ्या सडाला हात घातला. उद्यापासून सोडू, असं मनाशी म्हणालो. उद्याही घातला.

वासरू, आपला बारक्या, सुकायला लागलं. तू एकदा विचारलंस, "नाना, बारक्याच्या बरगड्या दिसायल्यात. सड सोडायलास ना?"

मी म्हटलं, "सोडतो की."

ते माझं पहिलं खोटं. थोड्याच दिवसांत वासरू गेलं. वासरू गेल्यावर कपिली पान्हा सोडीना, आणि मग मी तेच केलं जे त्या वर्षी अनेक गोठ्यांत चाललं होतं. वासराचं कातडं काढून घेतलं, त्यात भुसा भरला, शिवलं आणि गाईपुढं उभं केलं. कपिलीनं ते हुंगलं, चाटलं आणि पान्हा सोडला. तू कामावरून आलीस तेव्हा ती त्या भुशाला चाटत होती आणि मी खाली बसून धार काढत होतो. तू डोक्यावरची पाटी खाली ठेवलीस. मला वाटलं, आता शिव्यांचा पाऊस पडेल. तू एक शब्द बोलली नाहीस. बोलली असतीस तर आपलं भांडण त्याच दिवशी मिटलं असतं.

त्या दिवशी जेवताना तू ताकाची वाटी बाजूला सारलीस.

"आज नगं का?" मी विचारलं.

"कवाच नगं," तू म्हणालीस आणि मिलोची भाकरी पाण्यात बुडवून खाल्लीस.

मटण आणि अंडंही तू त्याच दिवशी सोडलंस, पण त्याचं कुणाला नवल वाटलं नाही. गावात माळकरी घरोघर आहेत. बाया विचारायच्या, "चंद्राक्का, माळ घातली व्हय?" तू म्हणायचीस, "माळकरी दूध पितेत की गं." मटण सोडलेल्या माणसाला गावाकडं नाव होतं. दूध सोडलेल्या बाईला काय म्हणायचं, हे कुणाला माहीत नव्हतं. कुणाची म्हैस व्याली की खरवस घरोघर जायचा, तो आपल्या घरी आला की तू वाटी दोन्ही हातांनी घ्यायचीस, कपाळाला लावायचीस आणि सुमनकडं द्यायचीस. देणारीचा अपमान न करता नको कसं म्हणावं, हे मी तुझ्याकडं बघून शिकलो. शिकायला मला दहा वर्षं लागली, तो भाग वेगळा.

पुढं गावात दूध संस्था निघाली आणि मी सेक्रेटरी झालो. इथं लोकांना एक कोडं कधी सुटलं नाही. ज्या बाईनं दूध सोडलं होतं, तिनंच दारोदार जाऊन बायांना संस्थेत आणलं. "एक म्हस असंल तरी घाला. दुधाचं हातात काय येईल ते बाईच्या हातात येऊ द्या," असं तू सांगत फिरलीस. आणि प्रत्येक दारातून निघताना वर एक शेपूट जोडायचीस, "पण चवथा सड वासराचा, बरं का." मी तुझ्यावर चिडायचो. म्हणायचो, अक्का, तू संस्था काढायलीस का मोडायलीस? तू हसायचीस. तुझं म्हणणं साधं होतं. जग दूध पितं, पिऊ दे. पण ज्याचं आहे त्याला आधी मिळू दे. आणि तू स्वतः का पीत नाहीस, असं मी खोदून विचारलं की एवढंच सांगायचीस, "माझं म्या सोडलंय. तुझं तू बघ."

उद्घाटनाला जिल्ह्यावरून साहेब आले होते. मांडव, हार, लाऊडस्पीकर. पहिल्या दुधाचा मानाचा पेला गावातल्या एका कर्त्या बाईला द्यायचा ठरलं आणि तात्यांनी एकदम तुझंच नाव पुकारलं. तू पदर सावरत वर आलीस. साहेबांनी पेला तुझ्या हातात दिला. तू पेल्याकडं बघितलंस, मग माझ्याकडं. मला अजून ती नजर आठवते. तुला फक्त एवढंच हवं होतं की मी बोलावं. खरं काय ते मी सांगावं. मी माईक ओढून घेतला आणि म्हणालो, "अक्काच्या पोटाला दूध सोसत नाही." लोक हसले. पेला तात्यांनी संपवला. कार्यक्रम झकास झाला.

घरी आल्यावर तू चुलीपुढं बसलीस आणि म्हणालीस, "माझं पोट चांगलं हाय की रे. खोटं का बोललास?"

"मग काय सांगू? सेक्रेटरीची बहीण दूध पीत न्हाय म्हणून? साहेबापुढं?"

"वासराचं सांगायचं हुतं."

मी उठून बाहेर गेलो. ते आपलं भांडण. त्याला उत्तर मी तुला तुझ्या हयातीत दिलं नाही.

त्या एका वाक्याचं फळ तुला दहा वर्षं भोगावं लागलं. अख्खं गाव तुझ्या पोटाचं डॉक्टर झालं. कुणी ओवा आणून द्यायचं, कुणी हिंग, कुणी सुंठ. परंड्याहून पाव्हणी आली की न विचारता बेंबीवर एरंडेल लावायला सांगायची. तू सगळं ऐकून घ्यायचीस आणि मग माझ्याकडं बघून म्हणायचीस, "बघ, तुझ्यामुळं माझ्या पोटाची केवढी काळजी हाय लोकांना." ओवा मात्र कधी टाकला नाहीस. शेंगदाण्याच्या चटणीत घालायचीस.

आणि पोट बिघडलं ते माझं. सेक्रेटरी झाल्यापासून मी दिवसाला दहा कप चहा प्यायचो. कुणाच्या दारात गेलं की दूध, साय, खवा. भूमला गेलो की पेढे. जेवणात तूप नसलं तर ताट ढकलायचो. चाळिशी उलटली तशी गुडघे सुजले, संस्थेत जाताना वाटेत लिंबाखाली दोनदा बसावं लागायचं. बार्शीच्या डॉक्टरांनी साखर निघाली म्हणून सांगितलं आणि खाण्याचा मोठा कागद लिहून दिला. तो वाचून मी रडकुंडीला आलो. तू कागद हातात घेतलास, तुला वाचता येत नव्हतं, तरी घेतलास, आणि परत माझ्या खिशात घातलास. म्हणालीस, "एक महिना माझ्या ताटात जेव. मग बघू."

तुझ्या ताटात तीनच गोष्टी असायच्या. जोंधळ्याची भाकरी, एक पालेभाजी नाहीतर उसळ, आणि कारळ्याची चटणी, तिच्यावर करडईच्या तेलाची धार. वर कच्चा कांदा. कधी हुलग्याचं माडगं, कधी कण्या घातलेली अंबाडी. मी चौथी गोष्ट मागितली की तू विचारायचीस, "भूक हाय का हाव?" आधी मला राग यायचा. मग मी खरंच स्वतःला विचारायला लागलो आणि लक्षात आलं की दहातल्या आठ वेळा हावच असायची. कोरा चहा पहिल्यांदा प्यालो तेव्हा मी एवढं तोंड वाकडं केलं की सुमन हसून हसून बसली. तिसऱ्या आठवड्यात एक दिवस भाकरीचा पापुद्रा नुसता तोंडात टाकला आणि थांबलो. जोंधळ्याला गोडी असते, हे मला बेचाळिसाव्या वर्षी कळलं. इतकी वर्षं मी तुपाची चव घेत होतो आणि भाकरीला नावं ठेवत होतो.

मी काही एका महिन्यात साधू झालो नाही. पंधराव्या दिवशी भूमच्या बाजारात दोन पेढे खाल्ले आणि मिशा पुसून घरी आलो. तू दारातच म्हणालीस, "मिशी पुसलीस, बोटं राहिली." पण रागावली नाहीस. म्हणालीस, "आज चुकलास. उद्या न्हाय चुकलास की झालं." महिन्याचे दोन महिने झाले, दोनाचं वर्ष. साखर पळून गेली असं मी म्हणणार नाही, गोळी अजून चालू आहे. पण गुडघ्यांची सूज उतरली, आणि एक दिवस संस्थेत पोहोचल्यावर आठवलं की आज लिंबाखाली बसलोच नाही.

मग मला त्याची मस्ती चढली. एका लग्नाच्या पंगतीत मी शेजाऱ्याच्या ताटातल्या बासुंदीवर भाषण दिलं. बिचारा वाटी तशीच ठेवून उठला. घरी आल्यावर तू माझी चांगली खरडपट्टी काढलीस. "ताटातलं सोडलंस, आता तोंडातलं बी सोड. लोकाच्या घासाला नावं ठेवायला म्या तुला जेवू घातलं न्हाय." माझ्या आयुष्यातला सगळ्यात महत्त्वाचा धडा हाच, आणि अजून मला तो पुरता आलेला नाही. हे पत्रसुद्धा बघ ना, केवढं लांबलं.

पण तुझ्या करडईच्या दुधाची गोष्ट मी सगळ्यांना सांगणारच. करडई भिजवून, पाट्यावर वाटून, फडक्यातून गाळून तू पांढरंशुभ्र दूध काढायचीस आणि त्यात गव्हाची खीर शिजवायचीस. तपासणीला आलेल्या साहेबांनी दोन वाट्या खाल्ल्या आणि बोटं चाटत विचारलं, "काय दूध आहे हो! कुठल्या म्हशीचं?" तू गंभीरपणे म्हणालीस, "सायेब, ह्या म्हशीला शिंगं न्हाईत, काटे हाईत." मग सूपभर करडई आणून त्यांच्यापुढं ठेवलीस. साहेब एवढे हसले की तपासणी राहून गेली. शाळेत एक दिवस न गेलेली माझी बहीण साहेबाला निरुत्तर करते, याचा मला त्या दिवशी केवढा अभिमान वाटला! तुला सांगितलं नाही. आज सांगतो.

एक मात्र तुझं माझ्याकडं राहिलं. लोक मला विचारायचे, सेक्रेटरी, तुम्ही पण चहा कोरा? मी म्हणायचो, डॉक्टरनं बंद केलंय. सोपं होतं. दूध मी बारक्यापायी सोडलंय, हे मात्र जिभेवर येत नव्हतं. तू जायच्या आधीच्या आठवड्यात अंबाडी निवडत बसली होतीस. मी दारात कुणाला तरी तेच सांगून आत आलो. तू मान वर न करता म्हणालीस, "डाक्टरच्या मागं किती दिस लपणार हाईस, नाना?" मी म्हटलं, "बघू." तुझ्याशी बोललेला माझा शेवटचा धड शब्द तोच निघाला, कारण मग तुला ताप चढला आणि तू बोलायचं बंद केलंस.

म्हणून त्या दिवशी कॅन पुढं आला तेव्हा माझा हात उचलेना. तात्यांचं प्रेम खरं होतं, डोळ्यांतलं पाणी खरं होतं, फक्त ते माझ्या खोट्यावर उभं होतं. मी गप्प बसलो असतो तर एका मिनिटात सगळं उरकलं असतं, आणि जे तू पंधरा वर्षं तोंडाला लावलं नाहीस ते मी स्वतःच्या हातानं तुझ्यावर ओतलं असतं.

मी म्हटलं, "तात्या, दूध नका घालू. म्या खोटं बोललो हुतो. अक्काचं पोट चांगलं हुतं. शेवटपर्यंत चांगलं हुतं."

मग सगळं सांगितलं. चौथा सड, बारक्या, भुशाचं कातडं, मानाचा पेला. डॉक्टरचं निमित्तसुद्धा. दूध संस्थेचा सेक्रेटरी तुझ्या राखेपुढं उभा राहून, आपण दूध का पीत नाही, हे गावाला सांगत होता. मला वाटलं होतं लोक हसतील. कुणी हसलं नाही. मागून एक म्हातारी म्हणाली, "बाई गं, आन् म्या हिंग दिऊ दिऊ मेले." तेवढ्यावर थोडी माणसं हसली, मीसुद्धा.

तात्या कॅनकडं बघत उभे होते. म्हणाले, "तसलं कातडं आमच्या बी गोठ्यात हुतं, सेक्रेटरी." मग त्यांनी झाकण घट्ट बसवलं. तुझ्यावर आम्ही विहिरीचं पाणी शिंपडलं.

आज सकाळी संस्थेत तात्यांचं दूध रोजच्यापेक्षा कमी आलं. त्यांची म्हैस महिन्यापूर्वीच व्याली आहे, दूध कमी व्हायचं कारण नव्हतं. मी विचारलं, "म्हस आटली का काय?"

"आटली न्हाय," तात्या चिठ्ठी घेत म्हणाले. "चवथा सड सोडला."

अक्का, एवढं सांगायलाच लिहायला बसलो होतो. सुमननं आज अंबाडी केली आहे, कण्या घालून, तुझ्यासारखी. हे संपवून मी मांडणीवरचं ताट सुलटं करणार आहे आणि त्यात जेवायला बसणार आहे. घर पाव्हण्यांनी भरलंय, त्यातलं कुणीतरी विचारीलच की दही का घेतलं नाही. डॉक्टरचं नाव काढणार नाही. माझं पोट चांगलं हाय, असं सांगीन, आणि मग वासराचं सांगीन.